राधानगरीला फक्त पावसाळ्यातच का?

मा. संपादक,

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की अख्खं कोल्हापूर तिकडं पळतंय, सेल्फी काढला की परत. मी मात्र दर सीझनला लक्ष्मी तलावावर, म्हणजे ह्याच धरणाच्या जलाशयावर, जातो आणि खरं सांगतो, डिसेंबरात पहाटे पाण्यावरनं वाफ उठत असते, काठाच्या चिखलात गव्याचे ताजे खूर उमटलेले असतात, बोलावंसंच वाटत नाही. मे महिन्यात पाणी आटून तांबडी माती उघडी पडते, करवंदं तर विचारूच नका. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण हे, भोगावतीतनं हेच पाणी पंचगंगेला येतं, तिथं बाटल्या टाकताना हात कसा उचलतो? गेल्या खेपेला पोरांनी दोन पोती भरली. येताना आपला कचरा तेवढा परत आणा राव.

— एक वाचक, कोल्हापूर