दार बंद होतं, हे सांगणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आभार घरी येऊनही मानता आले असते, आणि ते आईनं मानलेच आहेत. तरी हे पत्र उघड लिहितेय, कारण आईला जे बोललं गेलं ते चारचौघांत बोललं गेलं. मग ते खोडणंही चारचौघांतच व्हायला हवं.

आमच्या धायरीतल्या घरामागं आईच्या कोंबड्या आहेत, दोन गिरिराज आणि बाकी गावरान. ती वेल्ह्याकडची. शहरात येऊन तिनं बरंच सोडलं, कोंबड्या सोडल्या नाहीत. मे संपता संपता एका सकाळी खुराड्यात एक कोंबडी मेलेली सापडली. मुंडकं नाही, मान आणि छातीचा थोडा भाग खाल्लेला, बाकी तशीच टाकलेली. पुढच्या आठवड्यात दुसरी. मग तिची लाडकी तुरेवाली.

त्यानंतर आमच्याकडं जो सल्ल्यांचा पूर आला, त्यातलं थोडं तुम्हाला सांगायलाच हवं. पहिला निकाल अर्थातच बिबट्या. पुण्यात हल्ली उंदीर मेला तरी बिबट्याच. जुन्नर-शिरूरच्या उसात बिबटे आहेत, सिंहगडाच्या अंगानंही दिसतात, खोटं नाही. पण बिबट्या आला असता तर अख्खी कोंबडी उचलून गेला असता, आणि त्याआधी गल्लीतली कुत्री कमी झाली असती. ती तर आमच्या दारात पाय पसरून झोपलेली होती! फोनवर एका साहेबांनी विचारलं, "माणसाला काही झालंय का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. कॅमेरा विकणाऱ्यानं कॅमेरा बसवून दिला. त्यात रात्रभर पाकोळ्या दिसायच्या, अगदी स्वच्छ. एकानं तर विष घालायची आयडिया दिली, तीही कुजबुजत, म्हणजे ते चूक आहे एवढं त्याला कळत होतं.

हे सगळं चाललं असतं. पण मग सगळे हळूहळू एका मुद्द्यावर आले. दार उघडं राहिलं असणार. आजींचं वय झालंय. दार बंद असताना जनावर आत कसं शिरेल? आणि कोंबड्या ओरडल्या कशा नाहीत? आमच्याच नात्यातल्या एकानं तिच्यासमोर, चहा पिता पिता, स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या असं सुचवलं. आई काही बोलली नाही. त्या रात्रीपासून ती दोनदा-तीनदा उठून बॅटरी घेऊन कडी बघायला जायला लागली. शेवटी शेवटी तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता.

दूधवाल्यानं तुमचं नाव सुचवलं. वनखात्यात वनमजूर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, आता शेजारच्या सोसायटीत रात्रपाळीला असतो, एवढंच त्यानं सांगितलं. तुम्ही सकाळी ड्यूटी संपवून, न झोपता तसेच आलात. मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही हात वर करून मला थांबवलंत आणि आईकडं वळलात. खुराड्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "आक्का, तुमी सांगा. सांजच्याला दार कसं लावता ते मला करून दाखवा."

काका, मला धन्यवाद द्यायचेत ते मुख्यतः याचे. आईनं दार ओढलं, कडी घातली, कडीत खिळा अडकवला आणि वर सवयीनं वीट टेकवली. तुम्ही उठून दार हलवून बघितलंत. परत तिला उघडायला, परत लावायला सांगितलंत. तिचे हात कुठंही अडखळले नाहीत. मग तुम्ही आमच्या सगळ्यांकडं बघून, साध्या आवाजात, "दार बंदच हुतं," म्हणालात. आई पदरानं तोंड पुसत आत गेली ती चहाचं निमित्त करून. चहा तर आधीच झालेला होता.

शोध त्यानंतर सुरू झाला, म्हणजे तुम्हाला अजून काहीच सापडलेलं नव्हतं. कडी बघून आणि माणूस बघून तुम्ही तेवढं ठरवलंत. नंतरचं सगळं मला एखाद्या रहस्यकथेसारखं वाटलं, तुम्हाला मात्र रोजचं. जमिनीवर काही न शोधता तुम्ही स्टुलावर चढून पत्र्यावर बघितलंत. तिथं विष्ठा पडली होती, जांभळाच्या अख्ख्या बियांनी भरलेली. जांभळाची फांदी थेट पत्र्यावर टेकलेली, आणि पत्रा न् भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट. ती फट आम्ही वाऱ्यासाठी ठेवलेली.

त्या रात्री कोंबड्या आमच्या न्हाणीघरात होत्या, खुराड्यात तुम्ही पिकलेलं केळं ठेवलं होतं आणि पत्र्यावर आईच्या डब्यातली पांढरी रांगोळी चाळून पसरली होती. सकाळी केळं गायब आणि रांगोळीत पावलं. तुम्ही ती आईलाच मोजायला लावलीत. पाच बोटं. मांजराची आणि कुत्र्याची चारच उमटतात. पाच म्हणजे मुंगूस नाहीतर उदमांजर, आणि मुंगूस दिवसाचा प्राणी, रात्री बिळात झोपतो. उरलं ते उदमांजर. तुम्ही त्याला कांडेचोर म्हणालात. आणि कोंबड्या का ओरडल्या नाहीत, तेही सांगितलंत. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, दांडीवर बसली की ती गप्पच, शेजारणीला नेलं तरी.

पकडून लांब सोडा, असा आग्रह धरणारेही होतेच. त्यांना तुम्ही दोन वाक्यांत गप्प केलंत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि हे गेलं की मोकळ्या जागेत दुसरं येईल. शिवाय मुळात ते फळं खाणारं, बिया रानभर पसरवणारं जनावर. फट बुजवा, फांदी छाटा, भांडण मिटलं. आमची ती षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला असते, शिकारी बाहेर ठेवायला नाही, हेही त्याच दिवशी कळलं. तुम्ही स्वतः अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी, आणून फटीवर ठोकून दिलीत. पैसे किती द्यायचे विचारलं, तर तुम्ही दुकानाची पावती पुढं केलीत, तिच्यात उरलेले सुटे पैसे गुंडाळलेले. कॅमेरेवाल्याच्या बिलात जोडणीचा खर्च वेगळा होता, हे इथं उगाच आठवलं.

मला वाटतं, चांगुलपणा म्हटलं की आपण काहीतरी मोठं शोधतो, देणगी, त्याग वगैरे. रात्रपाळी करून आलेल्या माणसानं म्हाताऱ्या बाईला आधी विचारावं, तिचं उत्तर पूर्ण ऐकावं आणि मग स्टुलावर चढावं, हे पदव्या लावणाऱ्या कुणालाही जमलं नव्हतं. त्यांचं काहीच गेलं नसतं. वेळसुद्धा वाचला असता.

जाळी बसल्यापासून सगळ्या सुखरूप आहेत. आई रात्री उठत नाही. तपासणी सुचवणारे पाहुणे परवा येऊन गेले. आईनं त्यांना अंडाकरी वाढली आणि पाच बोटांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, त्यांचा दुसरा चहा होईपर्यंत.

आता एक काम आहे. काळी गावरान खुडूक बसलीय, आईनं तिच्याखाली अंडी ठेवलीत. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील, आणि वर घार रोज दुपारी गिरक्या घालतेय. जाळी वरून कशी ताणायची ते मी वाचून आईला सांगायला गेले, तर म्हणाली, तू राहू दे, काकांना विचारू. तेव्हा रविवारी सुट्टी असेल तर या. झोप काढून या मात्र.

तुमची,
आक्कांची लेक