थंड गाडीची गळती गरम गाडीवर शोधू नका : वॉटर पंपाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ट्रकच्या वॉटर पंपातून थंडीत कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) गळत असल्याबाबत, तसेच तीन वेळा गाडी आणूनही योग्य तपासणी न झाल्याबाबत.

महोदय,

तुमच्या कंपनीचा ट्रक मी तीन वर्षांपासून वापरतो आणि स्वतःच चालवतो. तक्रार वॉरंटीच्या मुदतीतच सुरू झाली. त्या मुदतीतल्या तिन्ही जॉब कार्डांवर ती नोंदलेली आहे : ‘सकाळी थंड गाडीखाली कूलंट सांडलेलं असतं.’ आणि तिन्ही कार्डांवर तुमच्या माणसांचा शेरा एकच आहे : ‘तपासले, गळती नाही.’

गळती आहे. ती कधी होते, हेही मी तिन्ही वेळा सांगितलं आहे. दिवसभर चालून गाडी रात्री उभी राहते, पहाटे पारा खाली उतरतो आणि इंजिन पुरतं गार होतं. सकाळी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर तळहाताएवढा गुलाबी डाग पडलेला असतो. टॉर्च घेऊन खाली वाकलं की पुलीच्या मागे, पंपाच्या अंगावर जे बारीक भोक आहे, त्याच्या तोंडाशी थेंब लोंबकळताना दिसतो. गाडी सुरू केल्यावर आणखी दहा-बारा थेंब पडतात. इंजिन तापत गेलं की थेंब थांबतात. तासाभराने पाहाल तर सगळं कोरडं, फक्त भोकाखाली वाळलेल्या कूलंटची पांढरट गुलाबी खपली. थंडी नसते त्या महिन्यांत पुठ्ठा कोरडा राहतो.

तिसऱ्या वेळी मी दोन तास गाडी चालवून तुमच्याकडे पोहोचलो. तपासणी लगेच झाली. पंपाला हात लावता येत नव्हता इतका तो तापलेला होता. अशा पंपातून थेंब पडणार तरी कसा? मी सुपरवायझरना म्हणालो, गाडी रात्रभर इथेच ठेवतो, सकाळी सुरू करण्याआधी बघा. ‘जागा नाही,’ एवढंच उत्तर मिळालं आणि कार्डावर शेरा पडला.

हे मी तुमच्या लोकांना समजावून सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं. पंपातलं कूलंट बाहेर येऊ नये म्हणून त्यात सील असतं. सीलमध्ये दोन गुळगुळीत चकत्या स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर टेकलेल्या असतात, एक फिरते, दुसरी स्थिर राहते, मागे रबर असतं. थंडीत रबर कडक होतं, आणि धातू नि रबर सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. सील झिजलेलं असेल तर तेवढ्या फटीतून कूलंट झिरपतं. गरम झाल्यावर सगळं फुगून जागेवर बसतं आणि फट बुजते. म्हणून हा दोष गार इंजिनावरच सापडतो, आणि तुम्ही तो तीनही वेळा गरम इंजिनावर शोधला.

पहिल्या वेळी तुमच्या मेकॅनिकने होज पाईपच्या क्लिपा आवळल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. थंडीत क्लिपा सैल पडतात, आधी तेच बघायला हवं. पण गळती थांबली नाही. मग मी एका संध्याकाळी सगळे जोड पुसून कोरडे केले आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला. सकाळी सगळे कागद कोरडे होते. पंपाच्या भोकाखाली ठेवलेला तेवढा भिजून चिकटला होता.

‘त्या भोकातून थोडं येतंच, ते नॉर्मल आहे,’ असंही मला सांगण्यात आलं. भोक कशासाठी ठेवलंय ते मला माहीत आहे. सीलमधून झिरपलेलं कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, यासाठी ते आहे. तिथे थोडी ओल किंवा खपली दिसली तर मीही गप्प बसलो असतो. पण मला दर आठवड्याला टाकीत जवळपास एक लिटर कूलंट घालावं लागतं. हे नॉर्मल असेल तर तसं लेखी द्या.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली, ती सांगतो. दुसऱ्या वेळी गाडी परत मिळाली तेव्हा कार्डावर ‘कूलंट टॉप-अप’ असं लिहिलेलं होतं. टाकीतला रंग फिका वाटला म्हणून मी बाहेर रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंटचा गोठणबिंदू दाखवणाऱ्या उपकरणावर) तपासून घेतलं. गोठणबिंदू उणे १४ अंश निघाला. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर तो उणे ३७ अंशांच्या आसपास यायला हवा. म्हणजे तुमच्याकडे नुसतं पाणी ओतलं गेलं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि त्या फुगण्याने इंजिन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. शिवाय पाण्याने गंजरोधक पातळ होतं, क्षार साचतात, आणि ते क्षार आधीच झिजलेल्या सीलला आणखी खरवडतात. गळती तर थांबवली नाहीतच, ती वाढायची सोय मात्र करून दिलीत.

भरलेली गाडी चढावर असताना कूलंट कमी पडलं तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेड यांमधली पट्टी) जातं, हे तुम्हाला सांगायला नको. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन गेलं आणि पंप जाम झाला तर बेल्ट तुटून गाडी रस्त्यात उभी राहील. मी रोज निघण्याआधी पुली हाताने हलवून बघतो. अजून ती ढिली झालेली नाही, पण हा बेअरिंग किती दिवस तग धरेल याची मला धास्ती आहे. आणखी एक. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी करतं. माझ्या गाडीखाली एक कुत्री पिल्लं घेऊन झोपते. रोज पहाटे आधी तिला हुसकायचं, मग डागावर वाळू टाकून ती भरून घ्यायची आणि जमीन धुवायची, हे माझं काम झालं आहे.

माझी मागणी अशी : गाडी एक रात्र तुमच्या आवारात उघड्यावर उभी राहू द्या. सकाळी सुरू न करता, रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब तपासणीच्या हातपंपाने देऊन अर्धा तास माझ्यासमोर बघा. भोकातून थेंब आला तर नुसतं सील न बदलता पूर्ण वॉटर पंप गॅस्केटसह बदला, जुनं कूलंट काढून सिस्टिम धुवा आणि कंपनीने ठरवलेलं कूलंट योग्य प्रमाणात भरा. तक्रार वॉरंटीत नोंदलेली असल्याने सुटे भाग आणि मजुरी, दोन्ही विनामूल्य असावं. तपासणीचा अहवाल लेखी हवा, त्यावर तपासणीच्या वेळचं इंजिनाचं तापमान नोंदलेलं असावं.

तिन्ही जॉब कार्डांच्या प्रती, पुठ्ठ्याचे आणि टिश्यू पेपरचे फोटो, तसेच थेंब पडतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तारीख कळवावी. थंडी आहे तोवरच ही तपासणी होऊ शकते, त्यामुळे त्यापुढची तारीख मला चालणार नाही. उत्तर न आल्यास मी दुसरीकडे पंप बदलून घेईन, जुना पंप जपून ठेवीन आणि खर्चाच्या भरपाईसाठी कायदेशीर मार्गाने दाद मागेन.

कळावे,

आपला ग्राहक
(ट्रकमालक व चालक)