आदरणीय काका, खिडक्या सरळ आल्या

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

परवा रात्री बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेच्या डब्याच्या मॉडेलचं छप्पर बसवलं आणि डबा जेवणाच्या टेबलावर बाबांसमोर ठेवला. बाबांनी चष्मा पुसला, डबा उचलून डोळ्यांजवळ नेला आणि एका बाजूच्या बाराच्या बारा खिडक्या बोटाने मोजल्या. म्हणाले, "अशीच होती गं. कुर्डुवाडीला चढलो की ही खिडकी माझी." पुढे काही बोलले नाहीत, पण बराच वेळ डबा हातातून खाली ठेवला नाही. तुम्ही तेव्हा तिथे हवे होतात. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही पावसापाण्याचं विचारायला लागता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. आणि उघड लिहिते आहे, कारण डबा पाहिलेले सगळे मला एकच विचारतात, एवढ्याशा खिडक्या हाताने कापल्या कशा?

बाबांचं बालपण बार्शीचं, हे तुम्हाला माहीत आहे. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी रोड, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. पुढे ही लाइन पंढरपूर, लातूर आणि 1927 साली मिरजेपर्यंत गेली. आषाढीला याच छोट्या डब्यांतून वारकरी पंढरपुरात उतरायचे. आता तिथे मोठे रूळ आहेत आणि छोटी गाडी फक्त बाबांच्या पिढीच्या बोलण्यात उरली आहे. कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातून एकदा बाहेर पडताना बाबा सहज म्हणाले, "आमची बार्शी लाइट नाही यात." तेव्हाच मी मनाशी ठरवलं.

हिशोब सोपा होता. मॉडेल खऱ्याच्या 87व्या हिश्श्याचं करायचं होतं. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर, त्याला 87 ने भागलं की पावणेनऊ येतात, आणि एन स्केल या छोट्या मॉडेल रेल्वेचे तयार रूळ 9 मिलिमीटरचे मिळतात. चाकं आणि रूळ बाजारातून आणले. डबा मात्र कुठेच मिळणार नव्हता. जुन्या फोटोंवरून आणि बाबांच्या आठवणीवरून आराखडा काढला, अर्धा मिलिमीटर जाडीची स्टायरीन या प्लास्टिकची पांढरी शीट आणली आणि एका दुकानात लेझरवर बाजू कापायला दिल्या. हातात आलं ते पाहून रडू आलं होतं. खिडक्यांच्या कडा मेणासारख्या वितळून गोल झाल्या होत्या आणि मधले खांब वाकडे झाले होते.

त्या संध्याकाळी जिन्यात तुम्ही भेटलात. मी पिशवी लपवत होते, तुम्ही ती मागून घेतलीत. शीटच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलंत आणि म्हणालात, "हे कापलेलं नाही बाळ, हे वितळलंय. रविवारी वर ये." चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे धातूचे साचे, घासलेल्या माणसाचं ते नख होतं, हे मला नंतर कळलं.

पहिल्या रविवारी तुम्ही मला एकही खिडकी कापू दिली नाहीत. मेडिकलच्या दुकानातून आणलेलं 11 नंबरचं सर्जिकल ब्लेड, 3 नंबरची मूठ, एक स्टीलची पट्टी आणि काचेचा तुकडा. दोन तास फक्त सरळ रेघा. मी जोर लावत होते, कारण प्लास्टिक आहे, जोर लावल्याशिवाय कसं कापेल? तुम्ही ब्लेड माझ्याच हातात ठेवलंत आणि माझ्या मनगटाखाली आपलं एक बोट धरलंत. बोट दाबलं जायला लागलं की सांगायचात, "सोड." जोर लावला की टोक वाकतं, वाकलं की ते पट्टीपासून पळतं, आणि मग कड तिरपी येते. पहिली ओढ नुसती खूण करायची, दुसरी त्या खुणेत चालते, तिसऱ्या-चौथ्या ओढीला आवाज बदलतो. तो आवाज मी आता अंधारातही ओळखेन. आधी कोरडी खरखर असते, मग एकदम मऊ सूं होतं, की समजायचं, खाच पुरेशी झाली. त्या खाचेत पेन्सिलीची भुकटी चोळून रेघ काळी करायची आणि मग शीट खाचेच्या उलट बाजूला हलकेच वाकवायची. टक. कड आरशासारखी.

पूर्ण आरशासारखी नाही, हेही तुम्हीच दाखवलंत. ब्लेड प्लास्टिक कापतं तसं बाजूलाही सारतं, नांगराच्या तासासारखं, आणि खाचेच्या दोन्ही काठांवर बारीक वरंबा उठतो. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागतो. ब्लेड उभं धरून तो वरंबा खरवडून काढायचा, मग 600 नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरवर एकच हात. हे केलं नाही तर रंग दिल्यावर प्रत्येक जोड उघडा पडतो. माझ्या पहिल्या दोन बाजू याच कारणाने गेल्या, आणि तुम्ही त्या फेकू दिल्या नाहीत. त्यांच्यावरच वरंबा काढायचा सराव करवून घेतलात.

मग खिडक्या. एका बाजूला बारा, प्रत्येक 7 मिलिमीटर रुंद, 8 मिलिमीटर उंच, मधले खांब दीड मिलिमीटरचे. मी चौकोन आखून कापायला बसले होते. तुम्ही आराखडा बराच वेळ पाहिलात आणि म्हणालात, "भोक कापायचंच कशाला? भोकाभोवतीची भिंत जोड." काका, हे वाक्य ऐकलं तेव्हा मला ते पूर्ण कळलंही नव्हतं. खालची एक लांब पट्टी, वरची एक लांब पट्टी, मध्ये तेरा छोटे खांब, आणि प्रत्येक खांबामागे खालपासून वरपर्यंत जाणारी एक आधाराची पट्टी. मधे जी जागा उरली ती खिडकी. तिचे कोपरे काटकोनातच येणार, कारण ते कापलेलेच नाहीत.

आता सगळं त्या खांबांवर आलं. दोन बाजूंचे सव्वीस खांब, सगळे बरोबर 8 मिलिमीटर. 0.2 मिलिमीटरचा फरक म्हणजे खऱ्या डब्यात जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटर, आणि वरची पट्टी नागासारखी डुलणार. मी एकेक मोजून कापू लागले. तुम्ही थांबवलंत. लाकडाच्या फळीवर गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात बसवून एक काठ चिकटवलात आणि काठाच्या टोकाला पितळेचा ठोकळा. पट्टी ठोकळ्याला टेकेपर्यंत सरकवायची आणि ब्लेड ठरल्या खाचेत दाबायचं. "मोजायचं एकदाच, पुढे अडवायचं," असं तुम्ही म्हणालात. सव्वीसच्या सव्वीस खांब मी त्या दुपारी कापले. व्हर्नियर लावून तुम्ही ते एकेक तपासलेत, तेव्हा माझ्या छातीत धडधडत होतं. दोन बाद झाले. ते दोन तुम्ही कापून देऊ शकला असतात, अर्ध्या मिनिटाचं काम. ब्लेड पुढे करून परत माझ्याच हातात दिलंत.

मला सगळ्यात जास्त आभार याच गोष्टीचे मानायचे आहेत. सात महिन्यांत तुम्ही माझ्या हातातलं काम एकदाही काढून घेतलं नाहीत. मला चुकताना पाहणं तुम्हाला जड जात असणार, कारण तुमचा हात कधी चुकत नाही. तरी खुर्ची थोडी मागे सरकवून, हात मांडीवर ठेवून बसायचात. ऑफिसमध्ये नवीन मुलींना काम शिकवताना मला आता तुमची ती मागे सरकवलेली खुर्ची आठवते, आणि मीही माऊस त्यांच्या हातातून घेत नाही.

दारांच्या चार खिडक्या मात्र कापूनच काढाव्या लागल्या. तिथे आधी चारही कोपऱ्यांत अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि प्रत्येक कोपऱ्यातून मध्याकडे कापत यायचं, म्हणजे ब्लेड कोपरा ओलांडून बाहेर जात नाही. छपरावरच्या हवेच्या टोप्यांसाठी 4 मिलिमीटरच्या चकत्या हव्या होत्या, आणि ब्लेडने एवढं वर्तुळ निघत नाही. त्यावर तुम्ही दोन लोखंडी पट्ट्या एकमेकींवर घट्ट आवळून दोन्हींतून आरपार भोक पाडलंत, त्याच ड्रिल बिटाची मागची दांडी टोकाला सपाट घासलीत, पट्ट्यांमध्ये शीट सरकवलीत आणि हातोडी मला दिलीत. एक ठोका, एक चकती. सोळा चकत्या काचेवर ओळीने मांडून आपण दोघं नुसतं बघत बसलो होतो, आठवतं ना? काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "साबुदाणा वाळत घातलाय का?"

चिकटवण्याचंही लिहिते, कारण लोक इथे फार गोंधळ करतात. ट्यूबमधला घट्ट गोंद नको. अ‍ॅक्रिलिकवाल्यांकडे मिळतं ते एमडीसी, म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड, पाण्यासारखं पातळ. दोन तुकडे आधी कोरडेच जुळवून धरायचे आणि बारीक ब्रशचं टोक सांध्याला टेकवायचं. थेंब आपोआप फटीत ओढला जातो, प्लास्टिक विरघळून एकजीव होतं. त्याचा वास अंगाला बरा नाही, म्हणून तुम्ही थंडीतही बाल्कनीचं दार उघडं ठेवायचात आणि स्वतः शाल घेऊन बसायचात. त्या शालीचेही आभार.

तुम्ही आणि काकू नाशिकला ताईकडे राहायला गेलात तेव्हा डबा अर्धाच झाला होता. जाताना ती पितळेच्या ठोकळ्याची फळी तुम्ही माझ्या दाराशी ठेवून गेलात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आत 11 नंबरच्या ब्लेडांचं एक नवं पाकीट. चिठ्ठी नव्हती. उरलेला डबा मी त्या फळीवरच पूर्ण केला. जोर लागायला लागला की मनगटाखाली तुमचं बोट आहे असं समजायची.

पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन नाशिकला येते आहे. डबा बुटांच्या खोक्यात कापूस लावून आणेन. पाचव्या खिडकीचा डावा खांब केसभर कमी आहे. मी कोणाला सांगितलेलं नाही, बाबांनाही दिसलेला नाही. तुम्ही नख फिरवून बघा.

काकूंना नमस्कार सांगावा. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची