दावणीला जनावर नाही, त्यानं काय करायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नैसर्गिक शेतीवरचा कुठलाही लेख उघडा, तुमच्या पेपरातला पण, तिसऱ्या ओळीत देशी गाय येतेच. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत घ्या, शेण-गोमूत्राचं आंबवण, एकराला 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि 200 लिटर पाणी. चांगलंच असेल, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण माझ्या गोठ्यात आता बाईक उभी असते. बैलं विकली, म्हैस आई होती तोवर होती, आता धार काढायला आणि शेण भरायला घरात माणूसच नाही आणि आमच्या गल्लीत निम्म्या घरात हीच गत. शेणखताची ट्रॉली विकत घ्यायची म्हटली तर दर ऐकून घाम फुटतो, वर त्यात शेण किती, माती किती आणि तणाचं बी किती ते रानात पसरल्यावरच कळतं. मग गाय नसली की थेट युरियाची गोणी, असे दोनच रस्ते आहेत का? मधे अजून एक आहे, पाला-पाचोळा थेट मातीत घालायचा, त्यावर फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र, लांबलं तर कात्री लावा.

माझं रान 3 एकर, कराड तालुक्यात, ऊस आणि उसाच्या मधे सोयाबीन-हरभरा. यात शेणाचं टोपलं पडत नाही आणि युरियाचा दाणाही. नत्राचं (नायट्रोजनचं) काम ताग करतो, हवेतलं नत्र धरणारं पीक, हिरवं असतानाच रानात गाडायचं. हिशोब सोपा आहे, युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र असतं 20-21 किलो, चांगला माजलेला ताग दीड महिन्यात फुलोऱ्यात येताना गाडला तर एकरी तेवढं तरी मिळतं, आणि गोणीत नसतो तो हिरवा पाला मातीला मिळतो तो वेगळाच. फक्त वेळ चुकवायची नाही. मी चुकवली होती. जूनमधे पेरला, जुलैअखेर गाडायचा तर पाऊस उघडेना, ट्रॅक्टर रानात घालता येईना, गाडेपर्यंत सप्टेंबर उजाडला. तोवर ताग डोक्याच्या वर गेलेला, दोर वळावेत असा चिवट, रोटाव्हेटरला असा गुंडाळला की ड्रायव्हर कोयता घेऊन खाली उतरला आणि मला काय काय बोलला ते इथे छापता येणार नाही. वर लावलेला ऊस पिवळा पडला. कारण निबर काडी कुजवायला जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात, पीक उपाशी राहतं. दोष तागाचा नव्हता, माझा होता.

दुसरं पाचट, उसाचा वाळका पाला. एकरी 3-4 टन निघतं आणि तोडणी झाली की लोक काडी लावून मोकळे होतात. मी एक आड सरीत दाबतो, कुजवायचं कल्चर टाकतो, पाणी देतो. शिफारशीत त्यावर युरिया पण टाकायला सांगतात, तो मी टाकत नाही त्यामुळे कुजायला वेळ लागतो आणि पहिल्या खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेल्या पिकाला) टनेज कमी आलं, लपवत नाही. पण आता श्रावणात पाचट उचकटलं की खाली पांढऱ्या बुरशीचं जाळं, गांडुळाची विष्ठा, माती अशी रवाळ की मुठीत दाबून सोडली तरी सुटी होते. शेजारच्या जळालेल्या रानात हे बघायला मिळत नाही, आणि त्याची आग एकदा बांध ओलांडून माझ्याकडे आली होती तो विषय वेगळा.

आता लोक विचारतात स्फुरद-पालाशचं (फॉस्फरस-पोटॅशचं) काय, ते बरोबर विचारतात. नत्र हवेत आहे, हे दोन्ही हवेत नाहीत. उसाबरोबर कारखान्यात जातात ते जातातच. म्हणून मी तिथूनच परत आणतो, मळीत (रस गाळून उरलेल्या गाळात, प्रेसमडमधे) स्फुरद असतं, बगॅसच्या म्हणजे उसाच्या चिपाडाच्या राखेत पालाश. पण मळीला आता बायोगॅसवाले पण गिऱ्हाईक झालेत, ती आम्हाला किती दिवस मिळेल देव जाणे. बाकी हरभऱ्याचा बेवड, म्हणजे त्याच्यामागच्या पिकाला होणारा फायदा, आहेच, आमचे आजोबा हरभऱ्यामागं काय लावायचं ते आधी ठरवायचे. बांधावर उंदीरमारीची (गिरीपुष्पाची) झाडं लावली, फांदी खोचली की जगते, वर्षातून दोनदा छाटून पाला सरीत. जनावरं जे खाऊन शेण करतात तेच मी मधला माणूस काढून थेट जमिनीला देतोय एवढंच, मधलं जनावर म्हणा हवं तर.

तक्रार एकच. ताग पेरायचा जूनमधे आणि बी मिळायची मारामार. मे महिन्यात तालुक्याच्या दुकानात गेलो तर म्हणे सोयाबीनच्या पिशव्या आधी घ्या मग तागाचं बघू, शेवटी आलं ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आणि अर्धं उगवलंच नाही. गायीसाठी अनुदान देतात तर एकरी 25 किलो तागाचं बी वेळेवर द्यायला काय हरकत आहे?

आणि वाचकांना एक विचारायचंय. पाऊस उघडत नसेल तेव्हा ताग न गाडता नुसता कापून सरीत अंथरला तर किती उपयोग होतो, भारी काळ्या रानात कुणी केलंय का? केलं असेल तर कृपया इथेच लिहा, जूनच्या आत.

एक शेतकरी,
ता. कराड, जि. सातारा