जूनचा हप्ता थकतो तो का: रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी यांस,
स. न. वि. वि.

बँकांच्या जिल्हास्तरीय सल्लागार समितीचे आपण अध्यक्ष, म्हणून हे थेट आपल्याला.

तरुण पोरं म्हातारपणाचा विचारच करत नाहीत, असं पेन्शनच्या प्रत्येक शिबिरात ऐकवलं जातं. आमच्या मते ते अर्धंच खरं. हर्णै, मिरकरवाड्यातले विशीतले खलाशीही अटल पेन्शनमध्ये, म्हणजे साठीनंतर दरमहा पेन्शन देणाऱ्या सरकारी योजनेत, नाव घालतात. गळती नंतर होते, पावसाळ्यात.

पंचविशीत नाव घातलं तर ५,००० रुपयांच्या पेन्शनला महिना ३७६ रुपये पडतात. फॉर्मवर मासिक, तिमाही, सहामाही असे तीन पर्याय असतात. काउंटरवर मात्र न विचारता मासिकवर खूण होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. खातं रिकामं, हप्ता थकतो, वर शंभराला महिन्याला १ रुपया जादा. तेवढ्यानं कुणी बुडत नाही. पण ऑगस्टात मालकाची उचल जमा झाली की जून, जुलै, ऑगस्टचे मिळून अकराशेच्या वर एकदम कापले जातात. घरची किराण्याला पैसे काढायला जाते तर खात्यात खडखडाट, आणि मेसेज इंग्रजीत. ‘बँकेनं खाल्ले’ हे मग वाडीभर होतं. पोरं जाहिरात वाचून ठरवत नाहीत, बोटीवरचा सोबती काय म्हणतो त्यावर ठरवतात.

यावर उपाय फॉर्मवरच छापलेला आहे. सहामाही हप्ता २,२१९ रुपये. तो ऑक्टोबर आणि एप्रिलला बसवला तर दोन्ही वेळा बोटी दर्यावर असतात, एप्रिलला आंब्याची मजुरीही हातात असते. म्हणून शिबिरं ऑक्टोबरात घ्या. गणपतीत सगळे गावी भेटतात हे कबूल, पण तेव्हा खिसे रिकामे असतात.

लोट्याच्या कारखान्यांतली गोष्ट वेगळी. तिथे ठेकेदार बदलला की नवा यूएएन (पीएफचा क्रमांक) निघतो आणि जुना पीएफ मोटारसायकलीत जातो. पीएफच्या पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते. १०-सी फॉर्मवर त्या पेन्शनचे पैसे काढले की मोजणी पुन्हा शून्यापासून. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र, म्हणजे झालेली नोकरी मोजणीत टिकवणारा दाखला, मागता येतं, हे सेवा केंद्रात कुणी सांगत नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीत दोनच गोष्टी ठरवाव्यात: मच्छीमार आणि बागेतल्या मजुरांना आधी सहामाही पर्याय विचारायचा, आणि हप्ता कोणत्या महिन्यात कापला जाईल ते पासबुकावर मराठीत लिहून द्यायचं.

आपले,
किनारपट्टीवर पेन्शन-पीएफचे अर्ज भरून देणारे