मुदत ठेव मोडू नका

पुणे,
दि. १२ जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा फोनवर बाबा म्हणाले की पोस्टातली दीड लाखाची मुदत ठेव मोडून मी त्या संगणक शिकवणाऱ्या खासगी संस्थेच्या कोर्सला नाव घालावे, आणि आई, मागून तुझाही आवाज ऐकू आला की पैशांची काळजी करू नकोस. त्या वेळी माझा कंठ दाटून आला आणि नीट उत्तर देता आले नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. ठेव मोडू नका. मी नोकरी सांभाळून घरीच अभ्यास करायचा आणि सर्व्हर, म्हणजे अनेकांना एकाच वेळी माहिती पुरवणारे संगणक, ज्या प्रणालीवर चालतात ती बनवणाऱ्या रेड हॅट या कंपनीची आरएचसीएसए ही परीक्षा द्यायची, असे ठरवले आहे.

त्या संस्थेच्या प्रतिनिधीने मला विचारल्यावाचून तुम्हांला फोन केला, याचे मला वाईट वाटले. मी स्वतः त्यांच्याशी बोलले आणि शेवटची परीक्षा कोण घेते, प्रमाणपत्र कोणाच्या नावाचे असते, एवढेच विचारले. दोन्हींचे उत्तर ‘आम्हीच’ असे आले. ‘नोकरीची हमी’ लेखी मागितली तेव्हा कळले की हमी मुलाखतीला पाठवण्याची आहे, नोकरी मिळण्याची नाही. बाबा, २०१६ साली ज्या क्लासला आपण चाळीस हजार रुपये भरले, तिथेही असेच होते. सहा महिन्यांत तीन शिक्षक बदलले, आणि जे प्रमाणपत्र हाती आले ते एकाही मुलाखतीत कोणी उघडून पाहिले नाही. ते पैसे तुमच्या ओव्हरटाइमचे होते, हे मी कधीही विसरलेले नाही.

म्हणून या वेळी आधी परीक्षा पाहिली आणि मग शिकण्याची सोय शोधली. बाबा, तुम्ही एमएस-सीआयटी केलेत तेव्हा शिकवणारे केंद्र आपल्या बाजारपेठेतले होते, पण परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळाची होती, त्यामुळे त्या कागदाला कार्यालयात किंमत होती. आमच्या क्षेत्रातही तसेच असते. ज्या यंत्रणेवर काम करायचे ती बनवणारी कंपनीच परीक्षा घेते, तिचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला असतो, आणि तो कुठे शिकलात याची चौकशी कोणी करत नाही.

अशा परीक्षा पुष्कळ आहेत. सिस्को या कंपनीची सीसीएनए ही परीक्षा नेटवर्किंगसाठी, म्हणजे संगणक एकमेकांना जोडण्याच्या कामासाठी, उत्तम आहे आणि तिच्या सरावाचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण माझे रोजचे काम सर्व्हरचे आहे. ॲमेझॉनची क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायच्या संगणकांची, पहिली परीक्षा ९० मिनिटांत ६५ प्रश्नांची, पर्याय निवडण्याची असते. ती मी पुढे कधीतरी देईन. एनपीटीईएल या शिकवणीच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात आणि ज्याला प्रमाणपत्र हवे त्यानेच परीक्षेचे १,००० रुपये भरायचे असतात. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, आतून कशी चालते हे मला तिथेच पहिल्यांदा नीट उमगले, आणि हे कॉलेजात असताना मिळाले असते तर किती बरे झाले असते, असे राहून राहून वाटते.

आरएचसीएसए निवडण्याचे कारण बाबांना सर्वांत आधी पटेल. या परीक्षेत पर्यायांवर खुणा करायच्या नसतात. तीन तास एक चालते यंत्र, म्हणजे संगणक, समोर असते आणि दिलेली कामे त्यावर प्रत्यक्ष करून दाखवायची असतात: डिस्कचे भाग पाडायचे, वापरकर्त्यांना अधिकार द्यायचे, नको त्या जोडण्या अडवणारी फायरवॉल लावायची. मुख्य पासवर्ड हरवलेल्या यंत्राचा ताबा परत मिळवणे हेही अभ्यासक्रमात आहे. इंटरनेट नसते, यंत्रातलीच माहितीपत्रके काय ती वाचता येतात. आणि तपासण्यापूर्वी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले जाते, त्यानंतरही तुमचे काम टिकले असेल तरच गुण मिळतात. ३०० पैकी २१० गुण लागतात. हे वाचले तेव्हा, बाबा, मला तुम्हीच आठवलात. नवा वायरमन हाताखाली आला की तुम्ही त्याला जोडणी करायला लावायचात, मग मेन स्विच पाडून पुन्हा चढवायचात आणि तेव्हा कुठे मान हलवायचात. मला अशीच परीक्षा हवी होती.

त्या प्रतिनिधीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हांला सांगितली नसावी. इतर कंपन्यांच्या परीक्षांचे ‘खात्रीचे प्रश्नसंच’ ते देतात, उत्तरे पाठ करायची आणि पास व्हायचे. असे फुटलेले प्रश्न वापरणे या कंपन्यांपैकी कोणाच्याच नियमांत बसत नाही आणि उघड झाल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. पण ते बाजूला ठेवले, तरी रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णालयाचा सर्व्हर बंद पडला आणि दुरुस्त करायला आलेल्या माणसाने केवळ उत्तरे पाठ केलेली असली, तर काय होईल? पाठांतरावर पास झालेल्या माणसाला तुम्ही खांबावर चढू दिले असते का?

घरच्या अभ्यासाला शिस्त माझी मलाच लावावी लागणार, हे मी जाणते. अडले तर विचारायला शेजारी कोणी नसते. गेल्या महिन्यात एका चुकीच्या ओळीमुळे यंत्र सुरूच होईना, आणि कारण सापडायला मला चार दिवस लागले. मात्र ती चूक आता माझ्या हातून पुन्हा होणार नाही. पहाटे पाच ते सात ही वेळ मी ठरवून घेतली आहे. जुन्याच लॅपटॉपची मेमरी वाढवून घेतली आणि त्यात दोन आभासी यंत्रे, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालणारे वेगळे संगणक, बसवली आहेत. ती कितीही वेळा मोडली तरी पुन्हा उभी करता येतात. त्यासाठी लागणारी रेड हॅटची प्रणाली एकट्याने शिकणाऱ्याला विनाशुल्क मिळते. परीक्षेची फी तेवढी मोठी आहे, पण ती मी दरमहा बाजूला टाकते आहे आणि दिवाळीपर्यंत पुरी होईल. प्रमाणपत्र तीन वर्षांसाठीच ग्राह्य असते, पुढे ते टिकवायला पुन्हा परीक्षा द्यावी लागते, हेही आधीच सांगून ठेवते. आई, तुला ते गैरसोयीचे वाटेल, पण या क्षेत्रात तीन वर्षांत बरेच बदलते.

तुमच्याकडून पैशांऐवजी मला एक मदत हवी आहे. गणपतीला मी सहा दिवस येते आहे. गौरी-विसर्जनानंतर एका सकाळी तीन तास मला माडीवरची खोली द्यावी. अभ्यासक्रमातील कामे मी निरनिराळ्या चिठ्ठ्यांवर लिहून आणीन, त्यांतल्या बाबांनी वीस उचलाव्यात आणि घड्याळ लावून समोर बसावे. तीन तास झाले की यंत्र त्यांनीच बंद करून पुन्हा चालू करावे आणि काय टिकले ते माझ्याबरोबर तपासावे. आई, तेवढा वेळ कोणालाही वर पाठवू नकोस.

ठेवीचे पासबुक कपाटात परत ठेवले, की तेवढे फोन करून कळवा.

तुमची,
लेक