मेंदूतले थर काढ्याने विरघळत नाहीत

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या घडीतून एक गुलाबी पत्रक पडलं. ‘मेंदूवरचा मळ विरघळवा, विस्मरण घालवा!’ तीन महिन्यांचा काढा, पैसे आगाऊ. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी दोघांनी तो घरच्यांसाठी मागवलासुद्धा.

अल्झायमर या विस्मरणाच्या आजारात मेंदूत साचतो तो बाहेरचा मळ नव्हे. एपीपी नावाचं प्रथिन सगळ्यांच्याच चेतापेशींच्या आवरणात असतं. त्यावर आधी बीटा-सिक्रिटेज आणि मग गॅमा-सिक्रिटेज या दोन कात्र्या (म्हणजे प्रथिन कापणारी विकरं) चालल्या, की बीटा-अमायलॉइडचा तुकडा सुटतो. दुसरी कात्री कुठे बसते यावर पुढचं बरंच ठरतं. ४० अमिनो आम्लांचा तुकडा त्यामानाने निरुपद्रवी; ४२ चा मात्र चिकट, एकमेकांना धरून पेशींबाहेर थर करणारा. एपीपीचा जनुक २१व्या गुणसूत्रावर असतो. डाउन सिंड्रोममध्ये हे गुणसूत्र एक जास्तीचं, म्हणून त्या मंडळींच्या मेंदूत चाळिशीतच थर दिसतात. उलट, याच जनुकातला एक दुर्मीळ बदल आइसलँडमध्ये सापडला (२०१२). त्यात पहिली कात्री नीट चालत नाही आणि उतारवयातही स्मरण टिकून राहतं.

मग ती कात्रीच बंद करू, म्हणून औषध कंपन्यांनी गोळ्या काढल्या. अमायलॉइड घटलं, पण काही चाचण्यांत रुग्णांची आकलनशक्ती आणखीच घसरली! शिरेतून देण्याच्या लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ते थर खरोखर काढतं. तरी १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण फक्त २७ टक्क्यांनी मंदावली. गेलेलं परत आलं नाही. शिवाय मेंदूला सूज, बारीक रक्तस्राव यांचा धोका, म्हणून मधूनमधून एमआरआय. आणि हे सगळं आजाराच्या सुरुवातीलाच. थर साचायला लागतात ते लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी. त्यांच्यामागून पेशींच्या आत टाऊ प्रथिनाच्या गाठी होतात, त्या वेगळ्याच. एवढं रामायण असताना हा काढा तीन महिन्यांत काय धुऊन काढणार?

घरात कुणी विसरू लागलं, तर आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावं. त्यांच्यातल्या बिघाडामुळे आलेलं विस्मरण अनेकदा उपचारांनी सुधारतं. काढ्याच्या नादात ती तपासणी लांबते, हे जास्त वाईट.

अंकात पत्रकं कोण घालतं ते आम्हालाही ठाऊक आहे. आपला थेट दोष नाही. पण मेंदूचे विकार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानेच बंदी आहे. वृत्तपत्र विक्रेत्यांना तशी सूचना द्यावी आणि ते पत्रक अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवावं. माझ्याकडची प्रत सोबत जोडली आहे.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कोल्हापूर